प्रवासातले तीन तास कोणाचे?

खारघरहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्या मुंबईत फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम पाहतात. वय चाळिशीच्या अलीकडे. घरी नवरा, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. जाऊन-येऊन रोजचे तीन तास हार्बरची गाडी, फलाट आणि स्टेशनबाहेरची चाल यांत जातात, आणि ते सगळे फोनमध्ये बुडालेले असतात. आधी ऑफिसचा ग्रुप, मग बातम्या, मग रील्स. ‘खारघरला चढते आणि मान वर करते तेव्हा सीएसएमटी आलेलं असतं,’ असं त्या लिहितात.

गेल्या एका महिनाअखेरीला त्यांच्या डब्यातल्या, नेरूळला चढणाऱ्या काकूंनी पेढे वाटले. या बाईंचं तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर कुठल्याशा आकड्यांवरून टायपिंग चाललं होतं. त्यांनी पेढा घेतला, मान न उचलताच ‘थँक यू’ म्हटलं आणि टाइप करत राहिल्या. पुढे बऱ्याच दिवसांनी ‘काकू दिसत नाहीत हल्ली’ असं विचारल्यावर कळलं की तो काकूंचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. बाकीच्या बायकांनी गजरा दिला होता, फोटो काढला होता. त्या फोटोत या बाईही आहेत, खाली मान घालून.

तेव्हापासून त्यांनी बरंच करून पाहिलं. अ‍ॅप काढली, पुन्हा घेतली. ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, तर भर गर्दीत ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हणून त्याचंच नोटिफिकेशन येऊ लागलं. वाया जाणारा वेळ सार्थकी लावायचा म्हणून एक ऑनलाइन कोर्स घेतला, तो अर्ध्यावर पडलाय. नवरा म्हणतो, साधा बटणांचा फोन घे. त्या विचारतात: ‘या शहरात, या धावपळीत वर्तमानात जगणं शक्य तरी आहे का? की फोनच बदलू? की नोकरी सोडू?’

प्रिय मैत्रीण,

तुमचा प्रश्न फोनचा आहे, पण पत्रात सगळ्यांत जास्त ओळी आहेत त्या नेरूळच्या काकूंबद्दल. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुम्ही लिहिता, ‘तो क्षण माझ्या हातून गेला.’ मला नाही वाटत तुम्हाला क्षण बोचतोय. रोज तुमची विचारपूस करणारी, खिडकीकडे सरकून तुम्हाला चौथी सीट करून देणारी एक बाई नोकरीच्या शेवटच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन तुमच्यासमोर उभी होती आणि तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाही, हे बोचतंय. हे दुःख वेगळं आहे, म्हणून त्यावरचा उपायही वेगळा आहे. गेलेली सकाळ परत आणता येणार नाही. काकू मात्र नेरूळलाच आहेत.

त्यांचा नंबर डब्यातल्या कोणाकडे तरी असेलच. फोन करा आणि एखाद्या रविवारी घरी जाऊन या. सोबत कारणं नेऊ नका. महिनाअखेर होती, क्लोजिंग होतं, साहेबांचा मेसेज होता, हे काहीही सांगायची गरज नाही. ‘त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, मला फार वाईट वाटलं,’ एवढं पुरे. पंचवीस-तीस वर्षं ठरावीक लोकल पकडलेल्या माणसाला निवृत्तीनंतरचे पहिले महिने जड जातात. गाडीच्या वेळेला नजर घड्याळाकडे जाते आणि डबा आपल्याविना पुढे गेला असं वाटत राहतं. डब्यातलं कोणी घरी आलं तर त्यांना किती बरं वाटेल, याची तुम्हाला कल्पना आहे.

हे मी आधी सांगितलं, कारण ‘वर्तमानात जगा’ हा उपदेश हल्ली फक्त स्वतःच्या मनःशांतीसाठी केला जातो. डोळे मिटा, श्वास मोजा, शांत व्हा. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. पण तुमचं पत्र वाचून मला जास्त पटलं ते हे की लक्ष ही आधी दुसऱ्या माणसाला द्यायची गोष्ट आहे. तुमची अस्वस्थता तेच सांगते. शांतता मिळाली नाही म्हणून तुम्ही लिहिलं नाहीत. एका माणसाला आपण दिसायला हवं होतं तसे दिसलो नाही म्हणून लिहिलंत. तीन तास अखंड जागरूक राहण्याचं व्रत तुम्हाला नकोच आहे. तुमच्याशी कोणी बोलेल तेव्हा मान वर व्हायला हवी, एवढंच हवं आहे. हे पुष्कळ सोपं आहे, आणि माझ्या मते जास्त मोलाचंही.

आता तुम्ही धरून चाललेली एक गोष्ट. फोन नसता तर मी प्रवासात पूर्ण हजर असते, असं तुम्हाला वाटतं. तसं होत नसतं. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन हजारांहून जास्त लोकांना दिवसभरात अवचित विचारलं जायचं की आता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. मन भटकत असताना लोक कमी आनंदी होते हेही त्यात दिसलं, आणि हा अभ्यास नेहमी सांगितला जातो तो त्या भागासाठी. मला त्यातली पहिली गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. मनाचं भटकणं हा माणसाचा स्वभावच आहे. तुमच्यात काही खोट आहे म्हणून ते होत नाही.

शिवाय संध्याकाळच्या गाडीतला वर्तमानकाळ कसा असतो तेही पाहा. कुर्ल्याला लोंढा आत शिरतो, कोणाची तरी पर्स बरगडीत रुतते, पंखा बंद, घाम, पायावर पाय. अशा वेळी मन दुसरीकडे निघून गेलं तर जाऊ द्या. स्मार्टफोन यायच्या आधी बायका त्या डब्यात काय करत होत्या? मटार सोलत होत्या, मेथी निवडत होत्या, क्रोशा विणत होत्या, जप करत होत्या, उभ्या-उभ्या डुलक्या काढत होत्या. त्याच डब्यात डोहाळजेवणं झाली, हळदीकुंकू झालं. कोणीही ध्यानस्थ बसलेलं नव्हतं. पण शेजारचीला काही सांगायचं असलं तर मटाराची शेंग बाजूला ठेवता येत होती.

शेंग बाजूला ठेवता येते, फोन ठेवता येत नाही. असं का होतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण तुम्ही सगळा दोष स्वतःच्या मनोनिग्रहावर टाकला आहे.

पूर्वी वेबपानाला शेवट असायचा. तिथे पोहोचलं की पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागे, आणि त्या एका क्षणात ‘पुरे आता’ असं म्हणायला वाव होता. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने खाली सरकवत राहिलं की पुढचा मजकूर आपोआप येत राहील अशी रचना केली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पंगतीत वाढपी ताटावर हात आडवा धरायच्या आत वाढून पुढे गेला तर किती खाल्लं याचा अंदाज राहत नाही, तसं इथे होतं. दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दर वेळी ठरल्याप्रमाणे दाणा देण्याऐवजी कधी दिला, कधी नाही असं केलं, तर कबुतर जास्त चिकाटीने चोच मारत राहतं. रील्समध्ये दहा कंटाळवाण्या गोष्टींनंतर एक खरोखर छान निघते, म्हणून बोट थांबत नाही. हे हुशार माणसांनी विचारपूर्वक बांधलेलं आहे. त्याच्यापुढे सकाळी आठ वाजता, अर्धवट झोपेत, उभ्याने, एकट्या निर्धारावर तुम्ही हरलात यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण ‘फोन’ म्हणून तुम्ही ज्याला नावं ठेवता ती एक वस्तू नाही. तुमच्याच पत्रात त्यात लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर आहे, मुलाच्या शाळेचा ग्रुप आहे, गुरुवारी आईशी होणारं बोलणं आहे, जुनी गाणी आहेत, रील्स आहेत, आणि ऑफिस आहे. आईशी बोलताना तुम्ही हजर असता. गाणं ऐकत खिडकीबाहेर पाहता तेव्हाही असता. म्हणून एक आठवडा काही बदलू नका, फक्त बघा. फोन हातात घेतला की स्वतःला विचारायचं: मी काही ठरवून घेतला, की त्याने बोलावलं म्हणून घेतला? घरी आल्यावर चार शब्द वहीत लिहा. त्यात काय निघेल याचा अंदाज तुमच्या पत्रावरूनच येतो. काकूंच्या पेढ्याच्या वेळी तुम्ही रील पाहत नव्हता. ऑफिसचं काम करत होता.

मला वाटतं, तुमच्या अडचणीची मुळी इथे आहे.

सकाळी आठला गाडी पकडल्यापासून ऑफिसच्या दारात पोहोचेपर्यंत आणि सुटल्यापासून घरी येईपर्यंत तुम्ही काम करताय. त्या वेळेचा पगार मिळत नाही, हजेरीपटावर तो वेळ नाही, आणि तुम्ही पत्रात त्याला ‘माझी फोनची सवय’ म्हणता. काही सवय असेलही. पण ग्रुपवर साहेबांनी सव्वाआठला शीट मागितली आणि तुम्ही मानखुर्दच्या आत उत्तर दिलं, तर ती सवय कोणाची? तुम्ही उत्तर देता म्हणून विचारलं जातं आणि विचारलं जातं म्हणून तुम्ही उत्तर देता. मग ते काम संपलं की थकलेलं डोकं रील्सकडे वळतं. रील्स आधी बंद करायला गेलात म्हणून ते टिकलं नाही, असं मला वाटतं.

कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तुमच्या पाठीशी कायदा नाही, पण तुमची मागणी चमत्कारिकही नाही. देशोदेशी लोक हेच मागताहेत.

साहेबांशी प्रत्यक्ष बोला, मेसेजवर नको. दिवस नीट निवडा. अकाउंट्समध्ये महिन्याचे कुठले दिवस बोलण्याचे नसतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे: ७ तारखेचा टीडीएस, ११ आणि २० तारखेचं जीएसटी, मग शेवटचे चार-पाच दिवस क्लोजिंग. २१ ते २५ मध्ये एखादी दुपार बघा. तक्रारीच्या सुरात न बोलता व्यवस्था सांगा: ‘सर, सकाळी आठ ते सव्वानऊ मी गाडीत असते, तेव्हा ग्रुप बघत नाही. खरंच तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन. बाकी सगळ्याची उत्तरं साडेनऊपर्यंत देते.’ आणि ते साडेनऊ पाळा. महिनाअखेरीचे दिवस तुम्ही स्वतःहून सोडून द्या, त्या दिवसांत गाडीतूनही उत्तर द्या. अशी सूट आपणच देऊ केली की बाकीच्या दिवसांचं म्हणणं ऐकलं जातं.

साहेब नाराज होऊ शकतात. कदाचित म्हणतील, बाकीचे तर देतात उत्तरं. तरीही आधी दोन आठवडे करून पाहा. बहुतेक मेसेजना तासाभराने उत्तर दिलं तरी काही बिघडत नाही, हे समोरच्याला अनुभवानेच कळतं. तरीही नोकरीवर येतंय असं दिसलं तर मागे या. निदान संध्याकाळची गाडी तरी मोकळी ठेवा. पगाराची गरज असताना कोणी ताठ राहण्याचा सल्ला देऊ नये, आणि मीही देत नाही.

आता ‘वाया जाणारे तीन तास’. या शब्दांवर मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे.

तुम्ही खारघरला राहता आणि नोकरी फोर्टात करता ही तुमची चूक नाही, तुमच्याआधी इतरांनी घेतलेल्या कित्येक निर्णयांची ती गोळाबेरीज आहे. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याची कल्पना मांडली. तिच्या मुळाशी हाच विचार होता की घरं आणि कामाच्या जागा दोन्ही तिकडे गेल्या, राज्य सरकारच्या कचेऱ्यासुद्धा गेल्या, तर माणसांना रोज मुंबईच्या दक्षिण टोकाला जावं लागणार नाही. ते शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. घरं उभी राहिली. मंत्रालय मात्र जागेवरच राहिलं, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. १९९२ मध्ये खाडी ओलांडून लोकल वाशीला आली, १९९८ मध्ये पनवेलला, आणि ती रोज सकाळी माणसांना जुन्याच दिशेला नेऊ लागली. तुमचे तीन तास असे ठरले आहेत.

म्हणून ते ‘सार्थकी लावण्याची’ जबाबदारीही एकट्या तुमच्यावर नाही. तो कोर्स बिनधास्त सोडा. घरी काम, ऑफिसात काम, आणि मधल्या वेळात स्वतःची प्रगती, हे ओझं वाहताना कुठलाच माणूस समोरच्याकडे नीट बघू शकत नाही. दिवसभरात तुम्हाला कोणी हाक मारू शकणार नाही असा वेळ फक्त गाडीतच आहे, जर ऑफिस बाहेर ठेवता आलं तर. त्यात झोप काढली तरी चालेल.

हे झाल्यावर मग बाकीच्या लहान गोष्टींचा उपयोग होतो. मनावर भरवसा ठेवण्यापेक्षा जागेवर ठेवा. वाशी सुटली की फोन बॅगेच्या चेनच्या कप्प्यात, आणि मानखुर्द येईपर्यंत बाहेर काढायचा नाही. दोन स्टेशनांमधलं हे अंतर मोठं आहे, सात-आठ मिनिटं जातात, आणि तुमच्या सगळ्या वाटेवर याच्याइतकं उघडं आकाश दुसरीकडे कुठे नाही. खाली ठाण्याची खाडी आहे. भरतीला पाणी कांदळवनाच्या मुळांपर्यंत चढतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो, कधी कोळ्यांच्या होड्या दिसतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरतात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. दाराजवळ किंवा खिडकीशी असाल आणि नशीब असेल तर दूरवर गुलाबी रेघ दिसते. नाही दिसली तरी हरकत नाही. मुद्दा पक्ष्यांचा नाही, रोज एक ठरलेला तुकडा असण्याचा आहे. ‘आज फोन कमी वापरेन’ हे पाळायला अवघड जातं, कारण ते कधी सुरू होतं आणि कधी संपतं हेच ठरलेलं नसतं. पुलाला सुरुवात आहे आणि शेवट आहे.

नोटिफिकेशन फक्त फोन कॉलचं आणि घरच्या माणसांचं चालू ठेवा. ऑफिसचा ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका, म्हणजे तुम्ही उघडाल तेव्हाच तो दिसेल. रील्सचं अ‍ॅप काढून पुन्हा घेतलंत, तर यावेळी काढा आणि पाहायचंच तेव्हा ब्राउझरमधून लॉगिन करून पाहा. दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा तुमच्या बाजूने काम करेल. ध्यानाचं अ‍ॅपही काढलंत तर बिघडणार नाही. पास खिडकीवरून कागदी काढा, म्हणजे तो दाखवायच्या निमित्ताने स्क्रीन उघडणार नाही. हाताला काहीतरी हवंच असतं, तेव्हा पातळसं पुस्तक किंवा विणकाम बॅगेत ठेवा.

आणि बोला. २०१४ मध्ये निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागोच्या रोजच्या प्रवाशांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलेल्यांचा प्रवास, गप्प एकटं बसायला सांगितलेल्यांपेक्षा सुखाचा झाला. गंमत अशी की आधी विचारलं तर लोकांचा अंदाज नेमका उलटा होता. लेडीज डब्यात हे सिद्ध करायला प्रयोगाची गरज नव्हती. पण आता त्या डब्यातही माना खाली गेल्या आहेत, आणि प्रत्येकीला वाटतं की दुसरीला बोलायचं नसेल. काकूंची जागा रिकामी झाली आहे. नवीन कोणी तिथे बसत असेल तर ती कुठे उतरते एवढं विचारायला काय हरकत आहे?

बटणांच्या फोनबद्दल: आत्ता नको. बँकेचे ओटीपी, यूपीआय, शाळेचे निरोप हे सगळं नवऱ्याच्या फोनवर जाईल आणि दोन महिन्यांत तुम्ही स्मार्टफोनकडे परत याल, वर हरल्याची भावना घेऊन. ऑफिसशी बोलणं आणि वरचे बदल यांना दोन-तीन महिने द्या. त्यानंतरही हात थांबत नसेल तर प्रवासासाठी म्हणून दुसरा साधा फोन घ्यायला काही हरकत नाही. नोकरीचंही तसंच. फोनच्या त्रासापायी नोकरी सोडू नका. पण तीन तासांच्या प्रवासापायी दुसरी बघावीशी वाटत असेल, तर बेलापूर, तुर्भे, महापे, ऐरोली या पट्ट्यात अकाउंट्सच्या जागा असतात, तिथे अर्ज करून पाहा. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळत असेल तर तेही मागा, फक्त वेळेची हद्द आधी ठरवून घ्या. गाडीत शिरलेलं ऑफिस स्वयंपाकघरात शिरायला वेळ लागत नाही.

तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात, म्हणून थोडं इतरांसाठी. ज्यांना बसायला जागाच मिळत नाही, त्यांनी गर्दीच्या टप्प्यात फोन आत ठेवून गाणी किंवा व्याख्यान ऐकणं उत्तम; त्याला पळवाट समजू नका. दारात उभे राहणाऱ्यांनी फोन हातात धरूच नये. रुळांशेजारून हातावर काठीचा फटका मारून फोन पाडणारे मुंबईत आहेत, आणि तोल गेला तर फोनपेक्षा खूप मोठं काही जातं. रात्री उशिरा एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींनी मात्र माझं वरचं काही मनावर घेऊ नये. फोन चार्ज ठेवा, लोकेशन घरी पाठवा, डबा रिकामा वाटला तर बोलत राहा. दुचाकीवर हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणाऱ्यांना सल्ला एकच: गाडी कडेला थांबवा, मग बोला. आणि फोन खाली ठेवला की छातीत धडधडतं, झोप लागत नाही, किंवा एखादं दुःख आठवू नये म्हणूनच स्क्रोल करावं लागतं, असं ज्यांचं होतं त्यांनी सवयीशी झगडत बसू नये. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि तिथे समुपदेशकांशी बोलता येतं.

शेवटी तुमच्या संध्याकाळीबद्दल, कारण मला वाटतं तिथे तुम्हाला फरक सगळ्यांत आधी दिसेल. खारघरला उतरलात की लगेच जिन्याकडे धावू नका. फलाटावर बाजूला उभ्या राहा, शाळेचा ग्रुप बघा, जे निरोप द्यायचेत ते द्या, काय आणायचंय ते घरी विचारा. मग फोन बॅगेत टाका आणि जेवणं होईपर्यंत काढू नका. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. सहावीतलं मूल असे नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळून घेतं. एखाद्या दिवशी तुम्ही विसराल आणि तो तुम्हाला टोकेल, बहुधा सासूबाईंच्या देखत. तेव्हा त्याच्यावर चिडू नका.